ट्रेव्हॉन मार्टिन: हिशोब शेवटच्या मिनिटापासूनच का धरायचा?

पारिजात

गेल्या आठवड्यात बाबा संध्याकाळी फिरायला गेले होते. नाशिकहून येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झालेत. पाऊस भुरभुरत होता म्हणून माझ्या मुलाचं जाकीट अंगात घातलं आणि त्याची टोपी डोक्यावर ओढून घेतली. आमच्याच कॉलनीत एक गाडी त्यांच्या मागे मागे, माणसाच्या चालीने येत राहिली. बाबांनी थांबून हात केला, तरी काच खाली झाली नाही. घरी येऊन म्हणाले, "पत्ता शोधत असेल बिचारा." मला रात्रभर झोप लागली नाही. मी फ्लोरिडात राहते आणि ट्रेव्हॉन मार्टिन जिथे मारला गेला ते सॅनफर्ड आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २६ फेब्रुवारी २०१२ ची संध्याकाळ. सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून स्किटल्स या गोड गोळ्यांचं पाकीट आणि कलिंगडाच्या सरबताचा कॅन घेऊन परत चालला होता. पाऊस पडत होता, डोक्यावर हुडी होती. जॉर्ज झिमरमन, वय २८, वस्तीच्या राखणदार गटाचा प्रमुख. त्याने गाडीतून त्याला पाहिलं आणि पोलिसांना फोन लावला, की एक संशयास्पद माणूस पावसात नुसता इकडेतिकडे बघत फिरतोय. "त्याच्या मागे जाताय का?" असं फोनवरच्या माणसाने विचारलं. हो म्हटल्यावर सांगितलं, की तुम्ही ते करायची गरज नाही. काही मिनिटांत झटापट झाली आणि झिमरमनने झाडलेली एक गोळी पोराच्या छातीत बसली. तो ज्या घरी पाहुणा म्हणून आला होता ते घर शंभरेक पावलांवर होतं. अटकेला दीड महिना लागला. १३ जुलै २०१३ ला ज्यूरीने झिमरमनला निर्दोष सोडलं.

झिमरमनचा बचाव स्वसंरक्षणाचा होता आणि त्याचं नाक फुटलं होतं, हे मला मान्य आहे. पण खटल्यात माप घेतलं गेलं ते फक्त शेवटच्या मिनिटाचं. अंधारात एक अनोळखी, थोराड माणूस आपल्या मागे येतोय म्हटल्यावर घाबरायचा हक्क त्या पोराला नव्हता का? आणि पोरगा गोरा असता तर तो फोनच झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरीवरचा वकील

ताई, वडिलांचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. तुमचा संताप समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. तीस वर्षं सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभा राहिलोय, म्हणून पुराव्याचंच बोलतो.

झिमरमनच्या डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा होत्या, त्याचे फोटो आहेत. झटापट पाहणाऱ्या शेजाऱ्याने साक्ष दिली, की गडद कपड्यातला वर होता आणि फिकट कपड्यातला खाली. गडद हुडी ट्रेव्हॉनची. बचाव पक्षाच्या शवचिकित्सा तज्ज्ञाने सांगितलं, की गोळी लागली तेव्हा कपडा अंगापासून सुटून लोंबत होता, म्हणजे पोरगा ओणवा असणार. दुसऱ्या एका शेजारणीने पोलिसांना केलेल्या फोनवर ऐकू आलेली किंकाळी कोणाची, यावर दोन्हीकडच्या आयांनी शपथेवर सांगितलं की ती माझ्याच मुलाची. मग ज्यूरीने कोणत्या आईवर विश्वास ठेवायचा?

आपल्याकडे खाजगी संरक्षणाचा हक्क सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, थोडा हलका असला तरी. फ्लोरिडात तो मुद्दा एकदा उभा राहिला, की 'हे स्वसंरक्षण नव्हतं' हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं असतं. इथे संशय होता, आणि संशयाचा फायदा आरोपीला. तो नियम आवडत्या आरोपीला एक आणि नावडत्याला दुसरा असा लावता येत नाही. तसा लावला तर पहिला बळी गरिबाचाच जाईल. मी गरिबांच्याच केसेस लढलोय.

आणि ज्या 'स्टँड युअर ग्राउंड' (मागे न हटता जागेवरच प्रतिकार करण्याची मुभा देणाऱ्या) कायद्यावर एवढा गदारोळ झाला, त्याखालची स्वतंत्र सुनावणी झिमरमनने मागितलीच नाही. त्याचं म्हणणं होतं, की मी खाली दाबला गेलो होतो, मागे हटायला जागाच नव्हती.

निखिल टँपा

वकीलसाहेबांशी सहमत. शिवाय माध्यमांनी काय केलं तेही बोला. एनबीसीने त्या फोनचं ध्वनिमुद्रण असं कापलं, की झिमरमन स्वतःहूनच "तो काळा दिसतो" म्हणतोय असं वाटावं. प्रत्यक्षात फोनवरच्या माणसाने वर्ण विचारला होता, त्याचं ते उत्तर होतं. वाहिनीला माफी मागावी लागली. त्या वस्तीत आधीच्या वर्षभरात घरफोड्या झाल्या होत्या. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन वरच्या खोलीत लपली होती आणि खाली चोर होते, तिने कोर्टात तशी साक्ष दिली. झिमरमनची आई पेरूची. त्याला सरसकट गोरा वर्णद्वेष्टा ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. २०१५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानेही पुरेसा पुरावा नाही म्हणून फाइल बंद केली.

आमच्या गल्लीत दोन घरं फुटली तेव्हा मीही महिनाभर रात्रीची गस्त घातलीय. तुमच्या दारात चोर येऊन गेला की मग कळतं.

पारिजात

निखिल, ध्वनिमुद्रण कापलं ते चूकच. पण न कापलेल्या मुद्रणातही "हे लोक नेहमी निसटतात" असं तो शिवी घालून म्हणतो. 'हे लोक' म्हणजे कोण? त्या पोराने तोवर काय चोरलं होतं? स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गोड गोळ्या होत्या खिशात.

वकीलकाका, वेगळी सुनावणी मागितली नाही हे बरोबर. पण ज्यूरीला दिलेल्या लेखी सूचनांत ते शब्द होतेच: मागे हटण्याचं बंधन नाही, जागेवर उभं राहण्याचा हक्क आहे. २००५ पासून फ्लोरिडाचा हाच कायदा आहे. शिवाय न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना बजावलं होतं, की आरोपीने मुलाला आधीच गुन्हेगार ठरवलं असं म्हणा, पण वर्णावरून ठरवलं असं म्हणू नका. सगळ्या देशाला जे दिसत होतं, तेवढंच त्या दालनात उच्चारायचं नव्हतं.

आणि बापाचं काय? मुलगा रात्री घरी आला नाही म्हणून सकाळी त्यानेच पोलिसांना फोन केला, तेव्हा दारात येऊन त्याला प्रेताचा फोटो दाखवला. एवढ्या जवळचं घर, पण रात्री कोणी दार वाजवलं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, की हा पोरगा इथला असणार नाही.

अभय, एडिसन

एक कबुली देतो. आपल्या पार्ट्यांमध्ये 'कल्लू' हा शब्द किती सहज येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. घर घेताना "तिकडे नको, तिकडे वस्ती बरी नाही" असं मीही म्हटलंय, आणि वस्ती म्हणजे काय ते एजंटला न सांगता समजलं. आपल्याला वाटतं आपण या भांडणात तिऱ्हाईत. २०१५ मध्ये अलाबामात मॅडिसन गावी नातू सांभाळायला आलेले एक गुजराती आजोबा मुलाच्या घरासमोर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना कळवलं, की एक बारीक, काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसाला पोलिसाने जमिनीवर आपटलं, अर्धं अंग लुळं पडलं. तो पोलीसही कोर्टातून सुटला. पारिजातच्या बाबांचं वाचून मला पहिले तेच आठवले.

साक्रीकर

मी अमेरिका पाहिलेली नाही. राईनपाडा मात्र आमच्या तालुक्यात आहे. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी मोबाइलवर आवई होती. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मी शिक्षक आहे. त्या दिवसानंतर वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "सर, त्यांनी आधी ओळखपत्र दाखवलं असतं तर?" मी काय उत्तर देणार? बाजारात मीही ओळखपत्र घेऊन जात नाही, मला कोणी विचारत नाही.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्याच्या पालावर जातात. 'भीती वाटली' हे कारण प्रत्येकाला मिळत नाही, एवढंच मला ट्रेव्हॉनच्या बाबतीत दिसतं.

निखिल टँपा

सर, राईनपाडा जमावाने केलेला खून होता. तिथे कोणाचं नाक फुटलं नव्हतं, कोणी खाली दाबला गेला नव्हता. दोन्ही एका तागडीत घालू नका. अशी तुलना केली की सॅनफर्डचा पुरावा बाजूला पडतो आणि नुसती चीड उरते.

साक्रीकर

जमाव आणि एकटा माणूस यांत फरक आहे, मान्य. संशयाची सुरुवात मात्र सारखीच आहे.

पारिजात

वकीलकाका, एकच विचारते. निकालानंतर सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी विचारलं होतं: ट्रेव्हॉन सज्ञान असता, त्याच्याकडे पिस्तूल असतं, तर त्या फुटपाथवर त्याला उभं राहून गोळी झाडायचा हक्क मिळाला असता का? गाडीतून पाठलाग करणाऱ्याची भीती वाटली म्हणून? तुम्ही त्याचं वकीलपत्र घेतलं असतं तर सुटला असता तो?

पायरीवरचा वकील

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण गुळमुळीत काही लिहायचं नव्हतं.

माणसाने भ्याडासारखं पळून जावं अशी अपेक्षा आपला कायदाही करत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग खटल्यात तसं म्हटलंय. पण आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत. ज्याने कुरापत काढली त्याला हा हक्क सांगता येत नाही. आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क उरत नाही, जुन्या दंडसंहितेत ते कलम ९९ होतं. झिमरमन पोलिसांशीच फोनवर बोलत होता, पोलिसांची गाडी निघालेली होती. सॅनफर्डमध्ये 'आधी कुरापत कोणी काढली' ही सूचना ज्यूरीला द्यावी, अशी सरकारी वकिलांची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली, कारण नुसतं मागे जाणं हा गुन्हा नव्हे. मी सरकार पक्षाकडे असतो तर त्या एका मागणीसाठी घसा कोरडा केला असता. एवढं तुमचं बरोबर आहे.

आता तुमचा प्रश्न. कायद्याचे शब्द पाहिले तर ट्रेव्हॉनलाही तोच हक्क होता. सहा जणांच्या ज्यूरीसमोर मी त्याला सोडवू शकलो असतो का? अंधारात गाडी मागे लागली होती, माणूस खाली उतरून मागे आला, हे सगळं मांडलं असतं. तरी "सुटेल" असं त्याच्या आईला मी सांगितलं नसतं. झिमरमनच्या आईला कदाचित सांगितलं असतं.

निकाल पुराव्याला धरून होता, या मताला मी अजून चिकटून आहे. वडिलांना नमस्कार सांगा.