चुटपुट, रुखरुख, हुरहूर आणि बाकीचे मूड

उदास, खिन्न, वैतागलेला हे सगळं एकच ना, असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं, अर्थ नंतर बघा, आधी शब्दापुढे क्रियापद कुठलं येतं ते बघा. राग येतो, वैताग येतो, कंटाळा येतो, म्हणजे ते आपलं आपण येतं, आपला इलाज नसतो. त्रागा मात्र येत नाही, तो करतात, आणि तो बघायला समोर कोणीतरी लागतं, रिकाम्या घरात त्रागा करून काय मिळणार! रुसवा धरतात आणि तो दुसऱ्याने काढायचा असतो, त्यामुळे रुसायला हक्काचं माणूस पाहिजे. एसटीच्या कंडक्टरवर आपण चिडतो, रुसत नाही.

आता चुटपुट, रुखरुख, हुरहूर. तिन्ही 'लागते', म्हणून लोक सर्रास घोळ करतात. आमच्याकडे खान्देशात आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीया हो) पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि परत निघायच्या आदल्या संध्याकाळी जे काही होतं ना ती हुरहूर, अजून काहीच घडलेलं नसतं पण जीव खालीवर होतो. गाडी जळगाव सोडते आणि आठवतं की बिबड्यांची (म्हणजे ज्वारीच्या पापडांची) पिशवी ओट्यावरच राहिली, ती चुटपुट, दोन दिवसात विसरून पण जातो. आजीला भेटू भेटू म्हणत राहून गेलं आणि आजीच गेली, ती रुखरुख. चुटपुटीवर कुरिअरचा तरी उपाय आहे.

आणि पोरी गेल्यावर आईला जे होतं त्याला कंटाळा म्हणू नका. कंटाळा कामाचा येतो, माणसांवाचून करमत नाही. अहिराणीत 'माले करमस नही' म्हटलं की संपलं, पुढे कारण सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे करमणं बहुतेक वेळा नकारातच येतं, नाहीतर प्रश्नात, 'पुण्यात करमतं का गं?'

खिन्न आणि खेद एकाच धातूतले, म्हणून खिन्न व्हायला काहीतरी कारण लागतं. उदासला लागत नाही, घरसुद्धा उदास वाटतं. जुना अर्थ तर अलिप्त असा होता, तुकोबांचं 'उदास विचारें वेच करी' आहे ना, तिथे कोणी तोंड पाडून पैसे खर्च करत नाहीये. विषण्ण त्या मानाने फार जड, विषाद त्याचाच भाऊ, गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. साहेबाने सुट्टी नाकारली म्हणून 'विषण्ण झालो' लिहिणाऱ्याचं मला हसूच येतं, अरे वैतागलास तू!

हवालदिल हा शब्द तर पेपरवाल्यांनी पार झिजवलाय. रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी झाली की दुसऱ्या दिवशी 'शेतकरी हवालदिल' ठरलेलं. पण हौल म्हणजे धास्ती, तेव्हा हवालदिल म्हणजे दुःखी नाही, आता पुढे कसं होणार या भीतीने गांगरलेला. हताश त्याच्या पुढची पायरी, तिथे आशाच मेली. बाग झोपली त्या दिवशी माणूस हवालदिल असतो, भरपाईच्या यादीत नाव सापडत नाही त्या दिवशी हताश होतो.