मदत हवी आहे : आळंदी ते पंढरपूर पायी वारीसाठी हलका कॅमेरा

नमस्कार. मी सोलापूरचा असून येत्या आषाढीला माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरपर्यंत, म्हणजे सुमारे २५० किलोमीटर, चालणार आहे. गेल्या खेपेस जुना डीएसएलआर नेला होता. पट्ट्याने खांदा सोलवटला आणि दिवे घाटाच्या ऐन चढावर बॅटरीने मान टाकली. (बॅटरी जुनी होती, हे मान्य.) मुक्कामी एकाच बोर्डावर वीसेक मोबाइल लोंबकळत असल्यामुळे रोज रात्री चार्जिंग मिळेलच याची खात्री नसते.

रिको जीआर ३ बॅटरीसह अवघा २५७ ग्रॅमचा आहे आणि सदऱ्याच्या खिशात मावतो; परंतु एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीनुसार सुमारे २०० फोटोच निघतात, शिवाय लेन्स स्थिर व रुंद कोनाची असल्याने रिंगणातला अश्व ठिपक्याएवढा दिसेल. सोनी ए६६०० स्क्रीन वापरून सुमारे ८१० फोटो देतो, मात्र लेन्स न धरताच ५०३ ग्रॅम भरतो. ए६४०० मधला वाटतो : ४०३ ग्रॅम, सुमारे ४१० फोटो.

माझा कल ए६४०० आणि दोन जादा बॅटऱ्यांकडे आहे. ज्यांनी हा कॅमेरा दिवसभर पावसात वापरला आहे, त्यांनी तो ओलीपासून कसा जपला आणि पॉवर बँकेवर किती दिवस निभावले, हे कृपया सांगावे. वापरलेला चालेल; सोलापुरात किंवा पुण्यात हाताळून पाहता आला तर उत्तम.