मेरिदा: मे महिन्यात जाताय म्हणून

कुणीतरी "मे महिन्यात चार दिवस मेरिदा पुरे का?" असं विचारलंय. मेरिदा म्हणजे मेक्सिकोच्या युकातान राज्याची राजधानी. दिवस पुरे आहेत, महिना चुकलाय! एप्रिल-मे म्हणजे युकातानचा ऐन उन्हाळा, पारा सहज चाळिशीला टेकतो, वर दमटपणा. जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तिकिटं काढलीच असतील तर सकाळी सातला बाहेर पडा, बारा ते चार खोलीत पंख्याखाली, आणि संध्याकाळी पुन्हा भटका. गावकरीही तेच करतात.

मुख्य चौकातलं कॅथेड्रल नीट बघा. स्पॅनिश लोकांनी १५४२ मध्ये तिथल्या मूळच्या माया लोकांच्या त'हो या नगरावरच हे शहर वसवलं आणि तिथल्या मंदिरांचे दगड चर्चच्या भिंतींत घातले. जुन्या शहरातल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे: सम उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. एकदा हे डोक्यात बसलं की चुकायला होत नाही.

माया लोकांच्या प्राचीन नगरांच्या अवशेषांपैकी चिचेन इत्सा सगळेच करतात. माझं मत विचाराल तर त्यांचंच दुसरं नगर, उश्मल. साधारण ८० किलोमीटर, गर्दी कमी आणि दगडांवरची नक्षी जास्त देखणी. परतताना एखाद्या सेनोतेत, म्हणजे चुनखडी खचून झालेल्या नैसर्गिक विहिरीत, डुंबा.

शाकाहारी असाल तर जरा पंचाईत. बीन्समध्येही डुकराची चरबी असते, विचारून घ्या. रात्री गाडीवरची मार्केसिता मात्र चुकवू नका: कोनासारखी कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एडाम चीज. हाबानेरोची, म्हणजे तिथल्या जहाल मिरचीची, चटणी आधी बोटाच्या टोकावर घ्या. आम्ही कोल्हापूरचे म्हणून चमचाभर घेतली होती, पुढची दहा मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही.