मदत हवी आहे : लिहून घेतलेल्या राजीनाम्यानंतर बेरोजगारी भत्ता मिळतो का?

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे कामाला होता आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी दरमहा कापली जात होती. गेल्या महिन्यात त्याच्याकडून छापील राजीनाम्यावर सही घेण्यात आली. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ एवढाच शब्द आहे. ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतील बेरोजगारी भत्ता २०२० मध्ये सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला आणि अर्ज मालकामार्फतच पाठवण्याची अटही गेली, ही सुधारणा चांगलीच (मिळतो मात्र आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस). परंतु स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास लाभ नाही, हा नियम भावाच्या आड येईल अशी भीती वाटते. असा राजीनामा सक्तीचा होता हे कोणत्या पुराव्याने दाखवता येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.