लोकप्रिय संगीत महोत्सव आणि सार्वजनिक संवाद : आपले अनुभव लिहा

सर्बियातील नोव्ही साद येथे २००० साली विद्यार्थ्यांनी युगोस्लाव्हियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांच्या राजवटीविरुद्ध १०० दिवस चालवलेला 'एक्झिट' महोत्सव किंवा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ३० एप्रिल १९७८ रोजी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वंशवादविरोधी चळवळीने भरवलेली मैफल, ही उदाहरणे अनेकांना परिचित असतील. तेथील मंच एका स्पष्ट भूमिकेने उभा होता. या धाग्यात विचारायचे आहे ते थोडे वेगळे आहे : भिन्न मतांची माणसे महोत्सवात एकमेकांशी खरोखर बोलली, असे आपण पाहिले आहे का? श्रोते, कलाकार, स्वयंसेवक आणि आसपासचे रहिवासी अशा सर्वांनी लिहावे.

चर्चेच्या तंबूतील स्वयंसेविका

पहिल्या वर्षी मुख्य मंचावर गाणे सुरू असतानाच आमची चर्चा ठेवली गेली आणि त्या दणदणाटात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना. पुढच्या वर्षी मंचावरील वाद्ये बदलण्याच्या मधल्या वेळेत चर्चा बसवली, तेव्हा तंबू भरला. विषय आवाजाचा होता. मैदानाला लागून राहणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले की, रात्री खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि त्यांच्या आजारी आईला झोप लागत नाही. काही तरुणांनी त्यांची हुर्यो उडवली. तेव्हा आमच्या ध्वनितंत्रज्ञाने माइक घेऊन समजावले की, खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात, भिंती त्यांना फारशा अडवत नाहीत, आणि म्हणून जेथे गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत तेथेही ठोका पोहोचतो. खर्जाचे स्पीकर विशिष्ट रचनेत मांडले तर मागे जाणारा आवाज बराच कमी होतो, पण त्यासाठी जागा आणि वेळ लागतो. तेथून प्रश्नांचा सूरच बदलला. हुर्यो उडवणाऱ्यांपैकीच एकाने विचारले, "शेवटचा कार्यक्रम तासभर आधी संपवला तर चालेल का?" गृहस्थ म्हणाले, "चालेल, पण नेमकी वेळ आधी कळवा, म्हणजे आईला बहिणीकडे नेता येईल." आयोजकांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि पुढच्या नियोजनाच्या बैठकीला त्यांनाही बोलावले.

एक गायक

मंचावरून केलेले निवेदन म्हणजे संवाद, असे मला वाटत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये मी स्थलांतरितांविषयी बोललो की टाळ्या पडतात. ज्यांना ते पटत नाही ते गप्प राहतात किंवा बाहेर पडतात, आणि त्यांचे म्हणणे मला कधीच कळत नाही. एका ठिकाणी तर प्रायोजकाच्या आग्रहाखातर, मंचावर राजकीय विधान करू नये, अशी अटच करारात घातली होती. इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवातील 'लेफ्ट फील्ड' या तंबूत चर्चाही होतात आणि गाणीही. त्या तंबूचा कल उघडपणे डावा आहे, हे नोंदवले पाहिजे. तरीही श्रोत्याला उलट प्रश्न विचारता येतो, म्हणून ती रचना मला मोलाची वाटते.

एक श्रोती

गर्दीत होणाऱ्या छेडछाडीबद्दल एका महिला संघटनेने प्रवेशद्वाराजवळ टेबल मांडले होते. मैत्रिणींनी तेथे जे सांगितले, ते आमच्या गटातील मुलांनी त्याआधी कधी ऐकलेच नव्हते. त्या रात्री आम्ही गाणी कमी ऐकली आणि बोललो अधिक.

स्वच्छतेच्या पाळीतील स्वयंसेवक

ज्याला तिकीट परवडत नाही, त्याचा आवाज या चर्चांत येतच नाही, याकडे वरील अनुभवांत लक्ष गेलेले नाही. लॉस एंजेलिसमध्ये २० ऑगस्ट १९७२ रोजी झालेल्या 'वॉटस्टॅक्स' या मैफलीचे तिकीट केवळ १ डॉलर होते, कारण वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील कोणालाही येता यावे, अशी आयोजकांची इच्छा होती. डेन्मार्कचा रोस्किल्ड महोत्सव १९७१ पासून भरतो, तो हजारो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि त्याची शिल्लक समाजकार्याला दिली जाते. मलाही कामाच्या बदल्यातच प्रवेश मिळाला होता. कचरा वेगळा करताना माझा जोडीदार नेमका विरोधी पक्षाचा कार्यकर्ता निघाला. करांविषयी आमचे अखेरपर्यंत जमले नाही. मात्र हातात काम असल्यामुळे कोणी तावातावाने उठून गेले नाही, आणि पाळी संपल्यावरही आम्ही बोलत राहिलो. तंबूतील स्वयंसेविकेला विचारावेसे वाटते : आपल्याकडे माइक स्वयंसेवकांच्या हातीही येत असे का, की त्यांनी फक्त तो फिरवायचा होता?