चाइल्ड प्रॉक्सी पेरेंटला टाळून थेट बाहेर जाते तेव्हा

दादा, राजवाड्याच्या शाखेतला स्क्विड (वेबच्या विनंत्या पुढे पाठवणारा आणि आलेलं साठवून ठेवणारा प्रॉक्सी), म्हणजे आपला चाइल्ड, विजयनगरच्या पेरेंटला, म्हणजे वरच्या प्रॉक्सीला, सोडून थेट बाहेर जातोय, कारण पेरेंटचा पत्ता देणारी नुसती 'कॅशे_पीअर' ओळ पुरत नाही. पोस्ट आणि एचटीटीपीएसच्या कनेक्ट विनंत्या तो मुळातच थेट पाठवायला बघतो. चाइल्डवर 'नेव्हर_डायरेक्ट अलाउ ऑल' टाका. पेरेंटवर आयसीपी (प्रॉक्सींनी एकमेकांना 'हे तुझ्याकडे साठलंय का' असं विचारायची पद्धत) बंद असेल तर 'कॅशे_पीअर' ओळीत पत्त्यापुढे 'पेरेंट ३१२८ ० नो-क्वेरी डिफॉल्ट' असंच लिहा. नाहीतर चाइल्ड उत्तराची वाट बघत बसतो आणि शेवटी पेरेंटला मेलेला धरतो. त्या ओळीत 'प्रॉक्सी-ओन्ली' असेल तर मात्र काढाच! त्याने पेरेंटकडून आलेलं काहीच चाइल्डकडे साठत नाही. एकाच लॅनवर ते ठीक, दोन शाखांमधल्या बारीक लाइनवर निव्वळ तोटा. पेरेंटच्या 'एचटीटीपी_अ‍ॅक्सेस'मध्ये, म्हणजे परवानगीच्या नियमांत, चाइल्डचा आयपी नसेल तर ४०३ (परवानगी नाही) येईल. रिकॉन्फिगर करून चाइल्डचा अ‍ॅक्सेस लॉग बघा, 'हायर_डायरेक्ट' (विनंती थेट बाहेर गेल्याची खूण) दिसायला नको.