रिकाम्या पुंगळ्यांचे पितळ
झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या इतर पितळी भंगारात मिसळून विकाव्यात का, या प्रश्नावर थोडे सांगतो. मिसळू नयेत, कारण त्यांच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, आणि नळाच्या तोट्यांच्या पितळेत तांबे याहून कमी असते. चुंबक फिरवले की पोलादी पुंगळ्या वेगळ्या होतात; ॲल्युमिनियमच्या मात्र हलकेपणावरून हातानेच निवडाव्या लागतात (नंतर हात धुवावेत, आत शिशाचा अंश असतो). खरी धास्ती जिवंत काडतुसाची, कारण तळाच्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर) खड्डा दिसला तरी ते उडालेच असेल असे नाही. तेव्हा प्रत्येक पुंगळीचे तोंड उघडे आणि आतून रिकामे आहे ना, हे पाहिल्याशिवाय ती पोत्यात टाकू नये.